चाकातलं खोबरेल

आमच्या घरी सकाळ व्हायची ती रहाटाच्या कुरकुरीनं. वाडीतल्या विहिरीवर रेडा गोल फिरू लागला की त्या लाकडी चाकांतून असा काही सूर निघायचा की नवा पाहुणा दचकून उठे. कुणीतरी गळा काढून रडतंय असं त्याला वाटे. आम्हांला उलट तो आवाज थांबला की जाग यायची. रहाट चालू आहे म्हणजे आमचा गडी धर्मा आला आहे, पाणी पाटानं सुपारीच्या आळ्यांत शिरतं आहे आणि अप्पांची पूजा व्हायची आहे, तेव्हा आपण आणखी थोडं लोळलं तरी चालेल, एवढं सगळं त्या कुरकुरीतून कळायचं. अलिबागहून दक्षिणेला जाणारा रस्ता आणि समुद्र यांच्या मधल्या पट्टीत आमची वाडी होती. अप्पा, म्हणजे माझे वडील, गावच्या शाळेचे हेडमास्तर होते. संध्याकाळी घरी येताना ते छत्री आणत, डबा आणत आणि हेडमास्तरही बरोबरच आणत. त्याला काही शाळेत ठेवून येत नसत.

आई मधल्या खोलीत असायची. मी आठ वर्षांची असताना ती विहिरीच्या पायऱ्यांवरून भरल्या कळशीसकट घसरली आणि तिची पाठ धरली ती सुटलीच नाही. हळूहळू ती घरातल्या घरात चालू लागली, पडल्या पडल्या वाल सोलू लागली, बिरड्यात खोबरं किती घालायचं ते आतून ओरडून सांगू लागली. पण पाव तास सलग बसली की तिचा चेहरा पांढरा पडे. अलिबागच्या डॉक्टरांनी एकच ताकीद दिली होती: बैलगाडीत पाऊल ठेवायचं नाही. एक जोराचा हिसका बसला तर आहे तेवढंही चालणं जाईल. होडीनं जायचं म्हटलं तर गुडघाभर चिखलातून दोघांच्या खांद्यावरून चढायचं-उतरायचं, ते त्याहून वाईट. त्यामुळे आई चार वर्षं फाटकाबाहेर गेली नव्हती. आणि तिचं माहेर होतं पालीला.

तिथं माझे आजोबा होते. त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं आणि आईशिवाय मूल नव्हतं. पुतण्याच्या घरात ओटीवर त्यांची बैठक असे. आई पूर्वी दरवर्षी थंडीत पालीला जाई ती खोबरेलाची बरणी घेऊन. आमच्याच झाडांचे नारळ, आमच्याच अंगणात वाळवलेलं खोबरं, घाण्यावरचं पहिलं तेल. पोचल्या दिवशीच ती स्वतः बसून आजोबांचं डोकं चोळी. पाठ गेल्यापासून बरणी मात्र न चुकता जात राहिली, पालीला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती. ती पोचली की तिकडून दरवर्षी एकच निरोप येई: "तेल पोचलं. द्वारका कधी पोचते?" द्वारका म्हणजे आई. त्या वर्षी दिवाळीनंतर निरोप आधीच आला, आणि तो वेगळा होता. आजोबा आता ओटीवरून खाली उतरत नाहीत, जेवण तुटलं आहे, आणि कुणी फाटक वाजवलं की "द्वारका का?" म्हणून विचारतात. आईनं तो ऐकला, सोललेले वाल एकीकडे आणि सालं एकीकडे केली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. अप्पा ओटीवर येरझाऱ्या घालत राहिले. त्या दिवशी शाळेतल्या मुलांना त्यांनी विनाकारण फार मारलं असं पुढे कळलं.

बापूकाका हा अप्पांचा धाकटा भाऊ. मुंबईत मोटारींच्या कारखान्यात दहा वर्षं काम करून, हिवतापानं जेरीस येऊन तो घरी परतला होता. लग्न केलं नव्हतं. अप्पांच्या मते त्यानं आयुष्यात काहीच केलं नव्हतं, आणि जे केलं होतं ते नखांत काळं होऊन बसलं होतं. निरोप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो आईच्या खोलीच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, तुम्हांला मी झोपवून पालीला नेतो. हिसका बसला तर माझं नाव बदला."

"काय ठेवू?" आई भिंतीकडे बघतच म्हणाली.

"ते दादा ठरवतील. त्यांच्याकडे नावं तयार असतात."

रेवदंड्याच्या रस्त्यावर एक मोटारलॉरी कायमची बसली होती. तिचा पुढचा कणा, दोन चाकं आणि कमानपाटे, म्हणजे हिसके पिणाऱ्या स्प्रिंगा, काकानं आणल्या. अंगणात महिनाभर ठोकाठोक चालली आणि त्यातून जे उभं राहिलं त्याला नाव नव्हतं. खाली लॉरीची चाकं, त्यावर सागवानी चौकट, भिंती बांबूच्या तट्ट्यांच्या, वर नारळाच्या झापांचं छप्पर, पुढे बैलांसाठी जू. टायरांना ट्यूब नव्हत्या म्हणून त्यांत काथ्या ठासून भरला होता. आत आईसाठी दोरांवर टांगलेली खाट, भांड्यांची फळी, स्टोव्हची पेटी आणि एक चिमुकली खिडकी. माणसांनी आत राहावं आणि बैलांनी घर ओढून न्यावं, अशी ती योजना. गावानं तिला "बापूचा देव्हारा" म्हटलं. अप्पा तिला "तो प्रकार" म्हणत. "तो प्रकार अंगणातून कधी हलणार आहे?" धर्माचं मत त्याहून वाईट होतं. त्यानं चाकाला एक धक्का दिला, ते आवाज न करता फिरतच राहिलं, आणि तो दोन पावलं मागे सरला. "बापूशेट, ही गारी बोलत नाय. मुकी गारी बरी नाय. कवा काय करल, कलनार नाय."

गाडी बोलत नव्हती ती बेरिंगांमुळे. बैलगाडीत लाकूड लोखंडावर घासतं. इथं मधे फिरणारं काहीतरी असतं. मला हे आईच्या खोलीतच शिकवण्यात आलं, कारण काकाला खरं म्हणजे ते तिला पटवायचं होतं. त्यानं जमिनीवर सुपाऱ्या पसरल्या, त्यांवर पोळपाट ठेवला आणि बोटानं ढकलला. पोळपाट भुर्रकन पळाला. "हे गोळ्यांचं बेरिंग. हलकं चालतं. आता यावर वरवंटा ठेव." ठेवला, तर सुपाऱ्या चारी दिशांना उडाल्या आणि एक आईच्या खाटेखाली गेली ती पुढे होळीला सापडली. मग त्यानं घरातली दोन आणि शेजारची दोन अशी चार लाटणी मांडली, त्यांवर पोळपाट, वर वरवंटा, वर पाटा, आणि शेवटी मला बसवलं. पोळपाट सावकाश पण निमूट सरकला. "गोळी एका टिंबावर टेकते, लाटणं सबंध अंगानं टेकतं. आपल्याला वजन न्यायचंय, तेव्हा लाटण्यांचं बेरिंग."

"माझं वजन काढू नका, भावजी," आई म्हणाली. आजोबांचा निरोप आल्यापासून ती आपण होऊन बोलली ते हे पहिलं वाक्य.

बेरिंगं आणायला काका रेवसहून बोटीनं मुंबईला गेला आणि भंगारबाजारातून चार घेऊन आला. प्रत्येक चाकाला दोन, आत मोठं, बाहेर लहान. ती कशी निवडायची हे त्यानं मला इतक्यांदा सांगितलं की आज ऐंशी ओलांडल्यावर पंचांगातली तिथी विसरते, पण हे विसरत नाही. कानाजवळ धरून फिरवायचं. खरखर आली तर ठेवून द्यायचं. आतल्या कडेवरून नख फिरवायचं. अडकलं तर ठेवून द्यायचं. आणि निळसर झाक दिसली तर हातही लावायचा नाही. "निळं म्हणजे एकदा तापून गेलेलं. त्याचा भरवसा नाही." हे सांगताना तो ओटीवरच्या अप्पांकडे का बघायचा ते मला तेव्हा कळत नसे.

पण काकाच्या मते बेरिंगाहून महत्त्वाचं होतं ते त्याच्या पाठीमागचं कडं. चाकाच्या आत वंगण राहिलं पाहिजे आणि बाहेरची धूळ, वाळू, खारं पाणी बाहेर राहिलं पाहिजे. हे काम एका करंगळीएवढ्या रुंद कड्याचं. त्यानं तागाचं करून पाहिलं, ते दोन दिवसांत पिंजलं. चामड्याचं केलं आणि समुद्राच्या पाण्यात बुडवून उन्हात ठेवलं. ते वाळून पापडासारखं वाकलं. "नमदा पाहिजे," तो म्हणाला, "दाबून केलेली लोकर. तेल पिते, पाणी अडवते." आमच्या गावात नमदा कुठला? तीन दिवस काका विचारात होता. चौथ्या दिवशी नमद्याची दोन सुरेख काळी कडी तेलाच्या वाडग्यात भिजत पडलेली दिसली. त्याच सकाळी अप्पांची जुनी काळी टोपी खुंटीवरून नाहीशी झाली. अप्पांनी तपास केला आणि आळ धर्माच्या शेळीवर आला, कारण तिचा पूर्वेतिहास चांगला नव्हता. शेळीला आठ दिवस अंगणबंदी झाली. मी काकाकडे बघितलं तर तो खाली मान घालून कानस चालवत होता.

चाकांत वंगण भरायचं काम माझं. माझी बोटं बारीक म्हणून, असं काका म्हणे. पण मला "मिस्त्रीण" म्हणायला त्याला आवडे आणि मला म्हणवून घ्यायला. त्यानं मुंबईहून पिवळ्या वंगणाचा डबा आणला होता. डाव्या तळव्यावर लिंबाएवढा गोळा घ्यायचा, उजव्या हातानं बेरिंगाची कड त्यात दाबत राहायची, लाटण्यांच्या फटीतून वंगण दुसऱ्या बाजूनं वर येईपर्यंत. मग थोडं फिरवायचं, पुन्हा दाबायचं. उजवं चाक मी असं भरलं की काकानं ते फिरवून बघितलं आणि नुसती मान हलवली. त्या मान हलवण्यानं माझं डोकं फिरलं. डब्यात अजून बरंच होतं. हातात विद्या आली की माणसाला घरातली सगळी चाकं आजारी दिसू लागतात. मी विहिरीवर गेले आणि रहाटाच्या दोन्ही कण्यांना सढळ हातानं वंगण चोपडलं.

दुसऱ्या दिवशी सगळं घर उशिरा उठलं. रहाट चालू होता आणि आवाज नव्हता. आईनं आतून विचारलं, "रेडा मेला का?" अप्पांची शाळा पहिल्यांदाच त्यांच्याशिवाय भरली. धर्मा रेड्यामागून फिरताना सारखा वळून चाकाकडे बघत होता. रहाट का गप्प झाला हे कुणालाच कळलं नाही, आणि ज्या एका व्यक्तीला कळत होतं तिनं तोंड उघडलं नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी डावं चाक भरायला घेतलं तेव्हा डब्याच्या तळाशी चमचाभर वंगण उरलं होतं. काका बैलांचे नाल बघायला गेला होता. त्याला सांगावं तर रहाटाची गोष्ट बाहेर येणार, मिस्त्रीणपण जाणार, आणि नवा डबा यायला आठ दिवस लागणार. पुढच्या खोलीत सामानाबरोबर आजोबांची बरणी बांधून ठेवली होती. कडाक्याची थंडी पडली होती. मी सहज फडकं सोडून आत बोट घातलं. आमच्याकडे पौषात खोबरेल थिजतं हे सगळ्यांना माहीत आहे. मीही ते जन्मल्यापासून बघत होते. पण त्या संध्याकाळी मला बरणीत तेल दिसलंच नाही. मला दिसलं ते पांढरंशुभ्र, घट्ट, डब्यातल्यापेक्षा कितीतरी देखणं वंगण. तळव्यावर लिंबाएवढा गोळा राहत होता, लाटण्यांतून वर येत होता. शिवाय वास चांगला. मी डावं चाक गच्च भरलं, बरणीला फडकं बांधलं, आणि शांत झोपले. खरं सांगते, शांत झोपले.

उजाडता निघालो. आई टांगत्या खाटेवर, मी तिच्या पायाशी, पुढे धर्मा, काका चाकाबरोबर चालत आणि अप्पा नवी टोपी घालून दहा पावलं मागे, या प्रकाराशी आपला संबंध नाही अशा थाटात. आई पहिल्या वळणापर्यंत दोन्ही हातांनी दोर घट्ट धरून डोळे मिटून होती. हिसका आला नाही. पोयनाडच्या आधी तिनं एक हात सोडला. पुढे तिनं खिडकीची तट्टी वर करायला सांगितलं आणि बाहेर बघत एकेक नाव घेत राहिली: हे खारभूमीचं बांधकाम, ही मिठागरं, इथं तुझ्या बापानं मला पहिल्यांदा उसाचा रस पाजला आणि स्वतः प्यायला नाही. आम्ही दशम्या आणि लसणीची चटणी खाल्ली. ऊन चढलं. मला कुठूनसा फार चांगला वास येऊ लागला आणि मी तो अभिमानानं घेत बसले.

धरमतरच्या खाडीवर तेव्हा गाड्या तरीनं, म्हणजे रुंद सपाट होडीनं, पलीकडे जात. तरीवर चढताना चाकं पाण्यात बुडत. काकाचा नियम होता की तापलेलं चाक पाण्यात घालायचं नाही. गरम चाक एकदम गार झालं की कड्यातून पाणी आत ओढून घेतं. चाकावर हात ठेवून एक शुभंकरोती पुरी म्हणता आली की चाक ठीक. उजव्या चाकाजवळ तो सावकाश म्हणाला. डाव्या चाकाजवळ त्याची पहिली ओळही झाली नाही. हात झटकून तो खाली वाकला. चाकाच्या मधल्या भागातून तेलाचा ओघळ टायरपर्यंत आला होता आणि त्यावर रस्त्याची सगळी धूळ बसली होती.

मागून येणारे अप्पा थांबले. नाक वर करून म्हणाले, "भर दुपारी डोक्याला तेल कोण लावतंय?"

आईला उतरावं लागणार होतं, चाक काढायचं तर गाडी उचलायला हवी. काका आणि अप्पा तिला धरायला गेले, पण ती म्हणाली, "थांबा. माझं मला बघू दे," आणि पाय खाली सोडून, दाराची चौकट धरून उतरली. काठावर एक होडी उपडी घालून एक कोळीण तिच्या बुडाला काहीतरी चोपडत होती. तिनं उठून आपली पाटी उपडी केली, त्यावर आईला बसवलं आणि पाठीशी होडी आहे की नाही ते बघितलं. हिरूबाय तिचं नाव. "काय जाला गो बाय? चाक रुसला?"

काकानं खीळ काढली, चाक ओढलं. आतून पाण्यासारखं तेल भळकन वाळूवर सांडलं. मागोमाग काळं कडं बाहेर आलं. त्याला अस्तराचा एक जांभळा धागा अजून चिकटलेला होता. अप्पांनी ते दोन बोटांत धरून उन्हात बघितलं. आपल्या टोपीचं अस्तर कुणीही ओळखतो.

"म्हणजे शेळी निर्दोष," अप्पा म्हणाले.

काका म्हणाला, "दादा, टोपीचं मागाहून बघू. वंगण कुठं गेलं?" आणि माझ्याकडे बघितलं. त्यानं आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी कदाचित खोटं बोलले असते. मी रडत रडत सगळं सांगितलं. वंगण संपलं म्हणून तेल भरलं, आणि ते संपलं कारण मी रहाटाला लावलं. काकानं रॉकेलमध्ये बेरिंगं धुतली, उन्हात धरून एकेक लाटणं तपासलं. "निळं झालं नाही अजून. पण कोरडं मैलभरही चालणार नाही."

अप्पा म्हणाले, "मग परत फिरायचं." पण परत जायलाही तेच चाक होतं. तरवाला आमच्यासाठी थांबणार नव्हता, भरती निघून चालली होती. आणि एकदा परत गेलो की आई पुन्हा निघणार नाही हे आम्हां सगळ्यांना माहीत होतं. आईच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. निरोप आला त्या दिवशी भिंतीकडे वळण्याआधी होता तसाच तो दिसत होता. मीच तिला भिंतीकडे तोंड करायला लावणार होते.

"ह्या घ्या की," हिरूबाय आपलं मडकं पुढे करत म्हणाली. "होरीच्या बुराला लावतो आमी. चरबी हाय, बकऱ्याची. पान्यान पन जात नाय."

काकाचे डोळे चमकले. अप्पा एकदम मागे झाले. "छे! पालीला चाललोय आपण. बल्लाळेश्वराच्या दारात चरबीचं चाक घेऊन जायचं?"

"देवाला बोकर चालतं," हिरूबाय म्हणाली, "तं चाकाला कसं चालनार नाय?"

"तुमच्या देवाला चालत असेल."

"दादा," काका चाकाकडे बघत म्हणाला, "एक सांगायचं राहिलंय. त्या मुंबईच्या डब्यातही चरबीच असते. चुना घालून शिजवलेली."

"आणि हे तू आज सांगतोस?"

"तुम्ही विचारलं नव्हतंत."

अप्पांचा चेहरा हळूहळू बदलू लागला, आणि मला कळलं की ते मनातल्या मनात घरी पोचलेत, विहिरीवर. "म्हणजे हिनं रहाटाला जे लावलं..." ते म्हणाले. "गेले दहा दिवस मी त्याच पाण्यानं गणपतीला अभिषेक करतोय."

तेव्हा एक विचित्र आवाज झाला. मला वाटलं आईला कळ आली. ती हसत होती. पाटीवर बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. चार वर्षांत मी तो आवाज विसरून गेले होते. "अहो," ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "दहा दिवस गणपती काही बोलला नाही, तो आणखी दोन दिवस नाही बोलायचा. भावजी, लावा." नवऱ्यासमोर तिनं असं परस्पर सांगून टाकलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. अप्पांनी खाडीकडे तोंड फिरवलं. पण गाडीची चौकट तोलून धरायला धर्माला माणूस हवा होता, तेव्हा न बघता हात मागे करून त्यांनी ती धरली. चरबी मीच भरली, लिंबाएवढा एकेक गोळा करून. आज इतक्या वर्षांनी नातवाची मोटार दारात आली की मी चाकाजवळ जाऊन हात ठेवते. नातसून म्हणते, आजींना मोटारीला नमस्कार करायची सवय आहे. मी तिचा गैरसमज दूर करत नाही.

चाक बसलं. हिरूबायला आईनं फणसपोळीची गुंडाळी दिली, ती तिनं घेतली आणि वर बजावलं, "परत येताना बापाची खबर सांगून जा." आई गाडीत चढायला उठली, आणि मला जवळ बोलावून हळू विचारलं, "तेल कुठलं घेतलंस?"

"आजोबांचं."

"सगळं?"

"तळाला दोन बोटं आहे."

"बरं," ती म्हणाली. त्यापेक्षा अप्पांची छडी पत्करली असती. पुढचे दोन दिवस डावं चाक थंडगार चाललं, शुभंकरोती काय, अप्पांचं अथर्वशीर्ष पुरं झालं असतं. पण बोट घालून बघितलेल्या त्या बरणीकडे मला बघवत नव्हतं. आजोबांना दिसत नाही, त्यांना लेकीचं म्हणून वर्षातून एकदा येणारं ते तेल एवढंच ठाऊक, आणि ते मी धरमतरच्या वाळूत सांडून आले होते.

तिसऱ्या दिवशी पालीच्या अलीकडे, नदीवर, आईनं केस सोडले. "ती बरणी आण," म्हणाली. तळाचं सगळं तेल तिनं बोटांनी निपटून घेतलं, केसांना लावलं, घट्ट अंबाडा घातला आणि रिकामी बरणी धुवून माझ्या हातात दिली. मला वाटलं, आजोबांना कळू नये म्हणून ती पुरावा नाहीसा करते आहे.

आमची गाडी मुकी, घुंगरमाळा आईच्या डोक्याला त्रास होतो म्हणून काढलेल्या, त्यामुळे माहेरच्या दारात आम्ही पोचलो ते कुणालाच कळलं नाही. फाटक उघडंच होतं. ओटीवर आजोबा भिंतीला टेकून बसले होते, मला आठवत होते त्याच्या अर्धे झालेले. काकानं हाक मारायला तोंड उघडलं तर आईनं त्याला गप्प केलं. ती उतरली. माझा खांदा धरून अंगण ओलांडलं, मग खांदा सोडला आणि ओटीच्या तीन पायऱ्या एकटी चढली. आजोबांनी मान वर केली. नाकपुड्या हलल्या.

"तेल आलं वाटतं," ते म्हणाले. "कोण घेऊन आलंय यंदा? बसा. पाणी घ्या. आणि आमच्या द्वारकेला सांगा, तेल पोचलं..." निरोपाचा पुढचा भाग सांगायला त्यांना दम पुरला नाही.

"यंदा तेल नाही आणलं, बाबा," आई म्हणाली. "यंदा मीच आले."

आजोबांचा हात हवेत चाचपडत पुढे आला, आईच्या तोंडावरून फिरला, कपाळावरून अंबाड्यावर गेला आणि तिथंच राहिला. मग ते म्हणाले, "आणि मी डोक्याला काय लावू?"

आई त्यांच्यासमोर खाली बसली, पाठ ताठ करून. तिनं दोन्ही तळवे आपल्या केसांवरून दाबून फिरवले आणि त्यांच्या डोक्यावर ठेवले.